जेसन क्रम्प: बिनब्रेकच्या गाडीवरची दहा वर्षं

गिरणगावकर

बरेच दिवस लिहू लिहू म्हणत होतो, आज सुट्टी आहे म्हणून बसलोच. इथे क्रिकेट, टेनिस, फॉर्म्युला वन सगळ्यांवर धागे आहेत पण स्पीडवेवर (मातीच्या ट्रॅकवरच्या मोटारसायकलच्या शर्यती) एकही नाही, आणि मला जो खेळाडू सगळ्यात जास्त आवडतो तो नेमका स्पीडवेचा आहे. जेसन क्रम्प, ऑस्ट्रेलियाचा. तीन वेळा वर्ल्ड चॅम्पियन, २००४, २००६ आणि २००९.

माझा संबंध कसा आला ते आधी सांगतो. २००४ ते २००६ मी नोकरीसाठी मँचेस्टरला होतो. शेजारी एक आजोबा राहायचे, एकटेच. एका सोमवारी संध्याकाळी त्यांनी विचारलं, येतोस का रे मोटारसायकली बघायला, मला घरी तरी काय काम होतं, गेलो. कर्कमनशुम लेनचं ग्रेहाउंड कुत्र्यांच्या शर्यतीचं जुनं स्टेडियम, तिथे दर सोमवारी बेल व्हू एसेस या टीमच्या मॅचेस व्हायच्या. आत शिरलो आणि पहिल्यांदा नाकात शिरला तो वास. एरंडेल जळल्यावर येतो ना तसा गोडसर जड वास, आजीच्या हातचं एरंडेल प्यायलेल्या कुठल्याही मराठी माणसाला तो लगेच ओळखू येईल. या गाड्या मेथॅनॉलवर चालतात आणि इंजिनात एरंडेलाच्या बेसचं तेल वापरायची जुनी पद्धत आहे, म्हणून तो वास.

मग चार जण स्टार्टला आले. स्टार्टला आडवी लावलेली टेप वर गेली आणि चौघं एकदमच पहिल्या वळणात घुसले, आणि वळणात कुणीही ब्रेक मारला नाही, कारण गाडीला ब्रेकच नसतो! पुढे नाही, मागे नाही. गिअरही एकच. ५०० सीसीचं एक सिलिंडर, वजन कमीत कमी ७७ किलो म्हणजे आपल्या स्प्लेंडरपेक्षा कितीतरी हलकी. वळण आलं की मागचं चाक मुद्दाम बाहेर फेकायचं, गाडी आडवी घसरवत न्यायची, डावा पाय जमिनीला टेकवून (बुटाखाली लोखंडी तळ असतो) आणि पुढचं चाक उलट उजवीकडे वळवून. वेग कमीजास्त करायला हातात फक्त थ्रॉटल. चार फेऱ्या, साधारण मिनिटभरात खेळ संपतो, पहिल्याला ३ गुण, दुसऱ्याला २, तिसऱ्याला १ आणि शेवटच्याला भोपळा.

त्या दिवशी बेल व्हूकडून लाल केसांचा एक जण आला आणि आजोबांनी माझा दंड धरला, म्हणाले याच्याकडे बघ, बाकीच्यांकडे नको. तो क्रम्प.

पहिला लेख इथेच थांबवतो. कुणाला रस असेल तर पुढचं लिहितो, नसेल तरी लिहिणार आहे.

मोगरा

लिहा लिहा. मला मोटारसायकलमधलं काही कळत नाही पण एरंडेलाच्या वासापाशी मी अडकले. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

फटफटी

गिरणगावकर साहेब, कमाल विषय काढलात. माझं कोल्हापुरात गॅरेज आहे, तीस वर्षं झाली, ब्रेक नसलेली गाडी ऐकून अंगावर काटा आला. एक शंका, थ्रॉटल सोडल्यावर गाडी हळू होते ते ठीक, पण पुढचा पडला तर मागच्यानं करायचं काय?

आणि ही इंजिनं कुणाची?

गिरणगावकर

@फटफटी, पुढचा पडला तर मागचा स्वतःच गाडी आडवी पाडतो. हे त्यांना पोरवयातच शिकवतात, गाडी आपण होऊन लोळवायची. ते जमलं नाही तर मग ट्रॅकच्या कडेच्या फळीवर.

इंजिनं म्हणाल तर तुमच्या जिव्हाळ्याचं नाव सांगतो, जावा. आपल्याकडे म्हैसूरला बनायच्या आणि नंतर येझदी झाल्या त्याच घराण्यातली. चेकोस्लोव्हाकियात एसो नावाची कंपनी स्पीडवेच्या गाड्या बनवायची, १९६४ मध्ये ती जावात गेली आणि मग बरीच वर्षं जगभरचे रायडर जावावर. नंतर इटलीचं जीएम नावाचं इंजिन आलं. आणि इथेच क्रम्पच्या घराची गोष्ट सुरू होते, म्हणून जरा लांबड लावतो.

जेसनचा बाप फिल क्रम्प, हा पण रायडर. व्हिक्टोरिया राज्यात मरे नदीच्या काठी मिल्ड्युरा नावाचं गाव आहे तिथला. जेसनच्या आईचे वडील नील स्ट्रीट, हे पण ऑस्ट्रेलियन, हे पण रायडर, आणि त्याहून मोठे इंजिनवाले. सत्तरच्या दशकाच्या मध्यात जावाच्या इंजिनाला दोन व्हॉल्व्ह असायचे, या माणसानं त्यावर चार व्हॉल्व्हचं हेड बसवलं, आणि ते पळवलं कुणी तर जावयानं. म्हणजे सासऱ्यानं बनवलेलं इंजिन जावई रेसमध्ये घेऊन उतरला. त्याच काळात इंग्लंडच्या वेस्लेकनं चार व्हॉल्व्हचं पूर्ण इंजिन आणलं आणि जुनी दोन व्हॉल्व्हची इंजिनं बघता बघता मागे पडली. १९७६ मध्ये पोलंडला खोझूवच्या प्रचंड स्टेडियममध्ये वर्ल्ड फायनल झाली त्यात फिल तिसरा आला, पहिले दोन्ही इंग्रज, पीटर कॉलिन्स आणि माल्कम सिमन्स. त्याच वर्षी लंडनमध्ये ऑस्ट्रेलियानं वर्ल्ड टीम कप जिंकला त्यातही फिल होता.

जेसन जन्मला त्याच्या आदल्या वर्षी, ६ ऑगस्ट १९७५ ला, आणि तोही इंग्लंडात ब्रिस्टलला, कारण ऑस्ट्रेलियन रायडरला पोट भरायचं तर तेव्हाही युरोपातच यावं लागायचं आणि आजही लागतं. गवंड्याच्या पोराच्या हातात थापी आपोआप येते तसं याच्या हातात हँडल आलं.

द्राक्षबाग

मिल्ड्युरा म्हटल्यावर राहवेना. आम्ही तासगावकडचे बेदाण्यावाले. तो सगळा सनरेझिया भाग, मिल्ड्युराच्या आसपासचा, द्राक्षं आणि बेदाण्यासाठी जगप्रसिद्ध आहे. आमच्याकडे घड डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवून शेडमध्ये जाळ्यांवर सावलीत वाळवतात, ती पद्धतच ऑस्ट्रेलियन म्हणून ओळखली जाते. माझ्या वडिलांच्या तोंडी त्या गावाचं नाव असायचं. तिथून असले रायडर निघाले हे आज कळलं. धाग्याला अवांतर झालं, माफ करा.

गिरणगावकर

@द्राक्षबाग, अजिबात अवांतर नाही, उलट ही माहिती मलाच नवीन. त्याच गावाचा आणखी एक मोठा रायडर म्हणजे लेह अ‍ॅडम्स, त्याच्याकडे येऊच.

आता करिअर. १९९५ मध्ये फिनलंडला टांपेरे इथे जेसन २१ वर्षांखालचा वर्ल्ड चॅम्पियन झाला. तेच वर्ष स्पीडवेसाठी मोठं, कारण तोपर्यंत जगज्जेता एका रात्रीत ठरायचा, एक फायनल, त्यात पट्टा तुटला किंवा ताप आला की वर्ष गेलं. १९९५ पासून ग्रां प्री मालिका आली, वर्षभर वेगवेगळ्या देशांत फेऱ्या आणि गुणांची बेरीज. पुढच्याच वर्षी, १९९६ ला लंडनमधल्या हॅकनीला ब्रिटिश ग्रां प्री झाली ती या एकवीस वर्षांच्या पोरानं जिंकली. सगळ्यांना वाटलं दोन-तीन वर्षांत हा चॅम्पियन.

लागली किती? २००१ ला दुसरा. २००२ ला दुसरा. २००३ ला परत दुसरा. पहिल्या दोन्ही वेळा वर होता स्वीडनचा टोनी रिकार्डसन, ज्याच्या नावावर एकूण सहा वर्ल्ड टायटल आहेत, आणि तिसऱ्या वेळी डेन्मार्कचा निकी पेडरसन. २००२ ची शेवटची फेरी तर सिडनीच्या ऑलिंपिक स्टेडियममध्ये होती, स्वतःच्या देशात, आणि तिथे दुसऱ्याचा सत्कार बघावा लागला. आजोबा सांगायचे, २००३ नंतर मँचेस्टरच्या स्टँडमध्येसुद्धा लोक कुजबुजायला लागले होते की याच्या नशिबातच नाही.

२००४ ची शेवटची फेरी नॉर्वेला हामारमध्ये, १९९४ च्या हिवाळी ऑलिंपिकसाठी बांधलेल्या स्केटिंगच्या बंदिस्त हॉलमध्ये. पुन्हा रिकार्डसनच समोर. आणि या वेळी क्रम्प जिंकला, वयाच्या २९ व्या वर्षी. मी नुकताच मँचेस्टरला आलो होतो, काहीच माहीत नव्हतं, पण शेजारच्या घरातून रात्री ओरडण्याचा आवाज आला होता तो आठवतो. महिन्याभरानं समजलं कशाचा.

आकडेमोड

लेख छान, पण एक प्रामाणिक प्रश्न. रिकार्डसन सहा, न्यूझीलंडचा इव्हान मॉगर सहा, ओले ओल्सन तीन, हान्स निल्सन चार. मग तीनवाल्या क्रम्पला तुम्ही इतकं वर का ठेवता? आवडता खेळाडू असणं वेगळं आणि मोठा असणं वेगळं, माझ्या मते तरी टायटल हाच निकष पाहिजे नाहीतर वादाला अंत नाही.

गिरणगावकर

@आकडेमोड, रास्त प्रश्न आहे आणि मी नुसतं प्रेमापोटी बोलत नाहीये. २००१ पासून बघा. दुसरा, दुसरा, दुसरा, पहिला, २००५ ला दुसरा, २००६ ला पहिला, २००७ ला तिसरा, २००८ ला दुसरा, २००९ ला पहिला, २०१० ला तिसरा. सलग दहा वर्षं जगातल्या पहिल्या तिघांत. दहा वर्षांत एकदाही चौथा नाही. आणि कुठल्या खेळात, तर जिथे हंसळी मोडणं म्हणजे सर्दी झाल्यासारखं आहे. या दहा वर्षांत वरचे बाकीचे बदलत राहिले, रिकार्डसन रिटायर झाला, पेडरसन आला, पोलंडचा गोलोब आला, अमेरिकेचा हॅन्कॉक होताच, पण हा माणूस जागचा हलला नाही. वर ग्रां प्रीच्या २३ फेऱ्या जिंकलेल्या. टायटल किती तो निकष तुम्ही लावा, माझी ना नाही, पण मी हे दशक आधी मोजतो.

दुसरं म्हणजे या रायडरांचा आठवडा कसा असायचा ते ऐका. शनिवारी ग्रां प्री, रविवारी पोलंडची लीग, सोमवारी आमच्या मँचेस्टरला, मंगळवारी स्वीडनची लीग. मेकॅनिक गाड्या व्हॅनमध्ये घालून रात्रभर गाडी हाकणार, हा विमानानं पोचणार, कधी नुसता हेल्मेट आणि बूट घेऊन. आणि सोमवारी चार हजार लोकांसमोर असो की शनिवारी चाळीस हजारांसमोर, पहिल्या वळणावर तो सारखाच घुसायचा. हे मी डोळ्यांनी बघितलंय.

आकडेमोड

सलग दहा वर्षांचं मला माहीत नव्हतं. मागे घेत नाही पण विचार करतो.

मेलबर्नची_ट्राम

धागा बघून लॉगिन केलं. ऑस्ट्रेलियात स्पीडवे म्हणजे काय ते इथून लिहिते, कारण हा खेळ इथलाच मानतात. न्यू साउथ वेल्समध्ये वेस्ट मेटलँडला शेतीप्रदर्शनाचं मैदान आहे, तिथे १५ डिसेंबर १९२३ ला जॉनी हॉस्किन्सनं दिव्यांच्या उजेडात मोटारसायकलच्या शर्यती ठेवल्या. हॉस्किन्स मूळचा न्यूझीलंडचा. आपल्याकडे जत्रेत बैलगाड्या पळतात, तसंच हेही प्रदर्शनाला गर्दी व्हावी म्हणून. पाचेक वर्षांत ते इंग्लंडला पोचलं आणि वेड लागल्यासारखे लोक जायला लागले.

१९३६ ला वेम्बलीला पहिली वर्ल्ड फायनल झाली तीही ऑस्ट्रेलियनानंच जिंकली, लायोनेल व्हॅन प्राग. पण मला त्याच रात्रीची दुसरी गोष्ट लागते. ब्लूई विल्किन्सन नावाचा दुसरा ऑस्ट्रेलियन त्या रात्री पाचही हीट (हीट म्हणजे चार फेऱ्यांची एक शर्यत) जिंकला, पैकीच्या पैकी १५ गुण, एकदाही हरला नाही, तरी तिसरा आला! कारण आधीच्या फेऱ्यांचे बोनस गुण धरायचे आणि त्यात तो मागे होता. दोन वर्षांनी, १९३८ ला, खांदा दुखावलेला असताना तो जिंकला. मग १९५१ आणि १९५२ ला अ‍ॅडलेडचा जॅक यंग, लागोपाठ दोनदा जिंकणारा पहिला माणूस. आणि त्यानंतर थेट २००४ चा क्रम्प. मध्ये ५२ वर्षं गेली. म्हणून इथल्या जुन्या लोकांना क्रम्पचं पहिलं टायटल म्हणजे घरात खूप वर्षांनी पाळणा हलल्यासारखं वाटलं.

फटफटी

ताई तुम्ही अंगावर रोमांच आणलेत. पाचही जिंकून तिसरा, हे काय गणित!

माझा एक टेक्निकल प्रश्न राहिलाय, क्लच कुठे वापरतात मग? एकच गिअर आहे तर.

गिरणगावकर

@फटफटी, फक्त स्टार्टला. टेप वर जायच्या आधी थ्रॉटल पूर्ण वर, क्लच दाबलेला, टेप हलली की सोडायचा. पण सोडायचा म्हणजे एकदम नाही, नाहीतर पुढचं चाक आकाशात जातं, आणि हळू सोडला तर बाकी तिघं पुढे. हाताच्या दोन बोटांवर निम्मी रेस असते. स्टार्टच्या पट्ट्यातली माती बुटानं उकरून, दाबून, मागच्या चाकासाठी खोबण करतात, ते बघण्यासारखं असतं, अगदी आखाड्यात उतरायच्या आधी पैलवान माती चाचपतो तसं. क्रम्प यात फार वेळ घालवायचा. पण त्याचं खरं बळ स्टार्टमध्ये नव्हतं असं माझं मत आहे, रिकार्डसन त्याच्याहून सफाईदार निघायचा. क्रम्प मागे पडला तर बघायची मजा, आतून जागा नसेल तर बाहेरून, फळीला अगदी खेटून, जिथे सुटी माती जमलेली असते आणि चाकाला पकड जास्त मिळते तिथून तो वेग उचलायचा. आणि मागच्याच्या अंगावर मातीचा असा मारा की त्याला चष्म्यावरच्या पारदर्शक पट्ट्या दर फेरीला ओढून काढाव्या लागायच्या.

२००६ च्या उन्हाळ्यात आजोबा मला कार्डिफला घेऊन गेले, ब्रिटिश ग्रां प्रीला. रग्बीचं एवढं मोठं स्टेडियम, छप्पर बंद, आत ट्रक-ट्रक माती आणून तात्पुरता ट्रॅक केलेला. बंद छपराखाली त्या इंजिनांचा आवाज छातीत बसतो. फायनल क्रम्पनं जिंकली. आजोबा मला म्हणाले होते गाडीत, की जिंकला तर मी नाचणार, आणि जिंकल्यावर हा माणूस खुर्चीवर बसून राहिला, डोळे पुसत. त्या वर्षी क्रम्पनं मालिका एकतर्फीच जिंकली, दुसरा हॅन्कॉक खूप मागे. कार्डिफ त्यानं २००८ आणि २००९ लाही जिंकलं, पण तोवर मी परत आलो होतो.

मोगरा

आजोबांचं वाचून गलबललं. पण गिरणगावकर, मला एक विचारायचंय, मी आई आहे म्हणून असेल. तुम्ही मगाशी हंसळी मोडणं सर्दीसारखं म्हणालात ते मनात राहिलं. ह्यातून कायमचं जायबंदी होत नाही का कुणी?

मेलबर्नची_ट्राम

मोगरा, होतात. गिरणगावकरांनी लेह अ‍ॅडम्सचं नाव घेतलं तो २००७ ला वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये दुसरा आला होता, क्रम्पच्या पुढे. २०११ ला फिंक नावाची वाळवंटातली रेस असते तिच्या सरावात पडला आणि पाठीच्या कण्याला इजा झाली. स्पीडवेत एवढी वर्षं काढली आणि इजा झाली ती दुसऱ्याच प्रकारात.

डार्सी वॉर्ड मात्र स्पीडवेतच. क्वीन्सलँडचा पोरगा, २००९ आणि २०१० लागोपाठ दोनदा २१ वर्षांखालचा वर्ल्ड चॅम्पियन. माझ्या नवऱ्याच्या मते क्रम्पपेक्षाही जास्त देणगी होती त्याच्याकडे. २३ ऑगस्ट २०१५ ला पोलंडला झेलोना गुरा इथे लीगच्या मॅचमध्ये पडला, कणा गेला, तेव्हापासून व्हीलचेअर. तेवीस वर्षांचा होता. त्या आठवड्यात आमच्या घरी कुणी धड जेवलं नाही.

आणि जेसन डॉयल, न्यूकासलचा. वर्षानुवर्षं इंग्लंडच्या दुसऱ्या दर्जाच्या लीगमध्ये काढली, तिशीला आला तेव्हा ग्रां प्रीत शिरकाव झाला. २०१६ ला गुणांत सगळ्यांच्या पुढे होता, दोनच फेऱ्या राहिलेल्या, आणि पोलंडमध्ये तोरुनला पडला, फुफ्फुसाला इजा, खांदा, कोपर. शेवटची फेरी इथे मेलबर्नला होती, तिथे तो उतरूच शकला नाही आणि टायटल हॅन्कॉकला गेलं. पुढच्या वर्षी मधेच पाय मोडला तरी मोडक्या पायानं शर्यती केल्या, आणि २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये इथेच डॉकलँड्सच्या स्टेडियममध्ये चॅम्पियन झाला. मी होते तिथे. ज्या ठिकाणी एक वर्ष आधी नुसतं बसून बघायची वेळ आली होती त्याच ठिकाणी.

मोगरा

वाचलं. डार्सीचं वाचून काय लिहावं सुचत नाहीये. त्याच्या आईचा विचार येतो सारखा.

द्राक्षबाग

क्रम्प टीममधून पण खेळला असेल ना? आणि नंतर काय झालं त्याचं?

गिरणगावकर

हो, आणि टीमच्या गोष्टीत परत आजोबा येतात, या वेळी त्याचे. १९९९ ला चेक देशात पार्दुबित्सेला ऑस्ट्रेलियानं वर्ल्ड टीम कप जिंकला. मग त्याच स्पर्धेचं नवीन रूप आलं वर्ल्ड कप म्हणून, तो २००१ ला पोलंडमध्ये व्रोत्सवाफला आणि २००२ ला इंग्लंडात पीटरबरोला, दोन्ही ऑस्ट्रेलियाचे. क्रम्प, अ‍ॅडम्स, रायन सलिव्हन, टॉड विल्टशर, अशी पिढी परत जमणं अवघड. आणि या टीमचा मॅनेजर कोण तर नील स्ट्रीट, म्हणजे ज्यांनी जावयासाठी इंजिन घडवलं तेच आता नातवाची टीम सांभाळत होते. २०११ ला ते गेले.

नंतरचं सांगायचं तर २०१२ ला दुखापतींमुळे क्रम्पनं थांबायचं ठरवलं. सगळ्यांना वाटलं झालं. पण २०१९ ला बातमी आली की तो इंग्लंडच्या इप्सविचकडून परत येतोय, २०२० चा सीझन कोविडनं बुडाला, म्हणून २०२१ ला उतरला, पंचेचाळिशी उलटलेली, समोर पोरं विशीतली, त्यातली काही तर त्याच्या पहिल्या ग्रां प्री विजयाच्या वेळी जन्मलीही नव्हती. इथे काही लोक म्हणतात कशाला परत यायचं, नाव खराब होतं. मला ते अजिबात पटत नाही. ज्याला सोमवारी संध्याकाळी गाडी चालवायची असते त्यानं ती चालवावी, जगज्जेता होता म्हणून घरी बसायचं बंधन आहे का? त्याचा मुलगा सेथपण रायडर झालाय. स्ट्रीट, फिल, जेसन, सेथ, चौथी पिढी.

आकडेमोड

दोन दिवस विचार केला आणि रात्री जुन्या रेसेस बघत बसलो. फळीच्या कडेनं जाणं म्हणजे काय ते आता कळलं, एकदा तर त्याचं हँडल फळीला घासतंय असं वाटलं मला, आणि तरी थ्रॉटल सोडत नाही! टायटलचा माझा मुद्दा तसाच आहे. पण सलग दहा वर्षं तिघांत, हा मुद्दा मी माझ्या वहीत वेगळा लिहून ठेवलाय.

गिरणगावकर, त्या आजोबांचं पुढे काय झालं? संपर्क आहे का?

गिरणगावकर

२००९ चं टायटल झालं तेव्हा मी मुंबईहून फोन केला होता, पंधरा मिनिटं बोललो आणि सगळी पंधरा क्रम्पवर. दोन वर्षांनी त्यांच्या मुलीनं कळवलं की ते गेले.

तिथे मॅचला गेलं की एक छोटा प्रोग्रॅम विकत मिळतो, त्यात पंधरा हीटचे रिकामे रकाने असतात आणि प्रत्येक जण पेनानं गुण भरत जातो, कुणी पडला, कुणी बाद झाला, सगळं ज्याचं त्यानं लिहायचं. त्यांच्याकडे पन्नासच्या दशकापासूनचे होते, खोकीच्या खोकी. त्यातले २००५ चे सहा त्यांच्या मुलीनं मला पोस्टानं पाठवले. अक्षर थरथरतं आहे, काही ठिकाणी मातीचे बारीक लाल कण कागदाला चिकटलेत अजून. क्रम्प ज्या ज्या हीटमध्ये आहे तिथे ३ चा आकडा रेस व्हायच्या आधीच लिहून ठेवलेला दिसतो, शाई वेगळी आहे, घरून निघतानाच लिहायचे बहुतेक. एकाच ठिकाणी तो खोडून २ केलाय.

फटफटी

साहेब, त्या पानाचा फोटो टाकता आला तर टाका. गॅरेजमधल्या पोरांना दाखवायचाय.